चार सुती निप्पल : बाथरूमच्या नळाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

काल रात्री दहाला बादलीवरच्या थंड पाण्याच्या नळाखाली कोरडी बादली ठेवली आणि आज सकाळी सहाला मापाने मोजली. सात लिटर. म्हणजे दिवसाला एकवीस. आकडा वहीत उतरवल्यावर लाज वाटली. आजवर 'जरा ठिपकतोय' यापलीकडे कुणी काही म्हणत नव्हतं.

दोन वर्षांत तीन वायसर बदलले. नवा वायसर महिनाभर टिकतो, मग पुन्हा तेच. मागच्या खेपेला नळाच्या पोटात बोट फिरवून पाहिलं होतं. वायसर ज्या पितळी कडेवर बसतो, तिथेच नखाला लागेल अशी खाच पडली आहे. कडच चिरली असेल तर वायसर कितीही बदला. नळच नवा हवा.

प्लंबर गेल्या आठवड्यात येऊन गेला. त्याचं म्हणणं, जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे जुने पाइप आहेत, हात लावला की काहीतरी तुटणारच, त्यापेक्षा भिंत फोडून सगळं सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचं करा. पण बिल्डिंग १९८९ची. सहा बाय सहाच्या त्या फिक्या निळ्या टाइल्स आता कुठेही मिळत नाहीत. चार फुटल्या की चारही भिंती नव्याने करणं आलं. ही म्हणाली, "नळाला बजेट आहे, बाथरूमला नाही." तेव्हा घरीच करायचं ठरलं.

बाबा (वय ८१, पिंपरीच्या एका कारखान्यात अडतीस वर्षं फिटर) पॅसेजमधल्या खुर्चीवरून ऐकत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला : "पाणी कुठून बंद करणार?"

१२ जानेवारी, रविवार

बाबांचा प्रश्न बरोबर होता.

बाथरूमला वेगळा व्हॉल्व्ह नाही. पूर्ण फ्लॅटला एकच, गच्चीवर, टाकीतून खाली येणाऱ्या डाउन टेकवर. आठ फ्लॅट, आठ डाउन टेक, आठ गेट व्हॉल्व्ह ओळीने. कोणता कुणाचा हे कुठेही लिहिलेलं नाही. आपला शोधायला अर्धा तास गेला : मी वर एकेक चाक पिळतोय, ही खाली किचनमधून फोनवर "नाही… नाही… नाही…" सांगतेय.

सापडला तो चौथा. चाक फिरतं, नुसतंच फिरतं. दहा-बारा वेढे दिले तरी खाली करंगळीएवढी धार चालूच. जोर केल्यावर दांड्याच्या बुडातून पाणी झिरपायला लागलं. ग्लँडचा (दांड्याभोवतीच्या पॅकिंगचा) नट पाव वेढा आवळला, तेव्हा ते थांबलं. आणखी जोर करायची हिंमत झाली नाही. दांडा मोडला असता तर आख्खी टाकी गच्चीवर.

म्हणजे नळाच्या आधी व्हॉल्व्ह. आणि व्हॉल्व्ह बदलायचा तर टाकी रिकामी हवी. आठ कुटुंबांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

काम नाही. खालच्या काकू तिळगूळ घेऊन आल्या. "गोड बोला," म्हणाल्या, आणि त्याच श्वासात, "आणि आमच्या बाथरूमच्या छताला ओल आलीये, तीही बघा."

जाऊन पाहिलं. ताटाएवढा डाग, बरोबर आमच्या नळाच्या भिंतीखाली. मी म्हटलं, नळ गळतोय, दुरुस्त करतोच आहे. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "नळाचं पाणी बादलीत पडतं ना रे? मग माझ्या छतात कसं येतं?"

उत्तर नव्हतं. शिडीवर चढून डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढली आणि तारीख घातली. निदान वाढतो की नाही ते कळेल.

१९ जानेवारी, रविवार

शनिवारी पुण्याच्या बोहरी आळीत जाऊन आलो. आणलेला माल :

पाऊण इंची पितळी बॉल व्हॉल्व्ह. अर्धा इंची क्वार्टर टर्न नळ, सिरॅमिक डिस्कचा, म्हणजे वायसरची कटकट संपली. निप्पल, म्हणजे नळ आणि भिंतीतला पाइप जोडणारा आट्यांचा तुकडा : जीआयचे, अर्धा इंची, दोन इंच लांब, तीन (एक लागेल, दोन चुकतील या हिशेबाने). आट्यांतून पाणी झिरपू नये म्हणून सफेदा, धागा, टेफलॉन टेपची दोन रिळं, हॅक्सॉची ब्लेडं.

निप्पल मागितल्यावर शेठनी दोन वेगळे माझ्या दोन तळहातांवर ठेवले. "काका, वजन बघा." एक चांगलाच जड. पाइपावर पट्टा असतो : पिवळा तो ए क्लास, निळा बी, लाल सी. बाहेरून तिन्हींचं माप एकच, फरक सगळा पत्र्याच्या जाडीत. आटे पाडले की पातळ पाइपात आट्यांखाली उरतं तरी काय! सी क्लासचे घेतले. घरी बाबांनी एक हातात घेऊन चाळवला आणि म्हणाले, "चार सुती, जाड. ठीक आहे." अर्धा इंच त्यांच्या तोंडी कधी येतच नाही. आठ सुतांचा इंच, म्हणून अर्धा तो चार सुती.

२६ जानेवारी, रविवार

अडलेलं काम अचानक सुटलं, कारण मात्र चांगलं नाही. सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडल्यापासून शहरभर लोक पाणी उकळून पिताहेत. सोसायटीनेही घाबरून टाक्या धुवायला काढल्या. झेंडावंदन झालं की नऊला वरची टाकी रिकामी होणार, चारला भरायला लागणार. सेक्रेटरींना विचारून घेतलं : मधल्या वेळात माझा व्हॉल्व्ह बदलू का? ते म्हणाले, "बदला. पण चारला मला कारणं सांगू नका."

१९८९च्या त्या अनोळखी प्लंबरने व्हॉल्व्हखाली युनियन (पाइप न कापता नट फिरवून सुटणारा जोड) टाकून ठेवली होती, त्याचे उपकार. नाहीतर पाइप कापावाच लागला असता. युनियन अर्थातच गंजून एकजीव झालेली. काल रात्रीच तिला तेल पाजून ठेवलं होतं. तरी सकाळी मी पाइप पान्याला लोंबकळलो आणि काही हललं नाही.

बाबांना तीन जिने चढवून गच्चीवर आणायचं नव्हतं, म्हणून व्हिडिओ कॉल लावला. ते म्हणाले, ओढू नकोस, ठोक. नटाच्या सहाही बाजूंनी हातोडीचे हलके टोले, मागे दुसऱ्या हातोडीचा टेकू. गंज ठिसूळ असतो, हादऱ्याने तडकतो, ओढण्याने नाही. दहा मिनिटं टणटण. मग दोन पाने : एकाने खालचा पाइप धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा, म्हणजे पीळ खाली भिंतीतल्या पाइपात जात नाही. करकर झालं आणि नट सुटला. त्या आवाजाला मी चहा पाजला असता.

नवा व्हॉल्व्ह एक वाजता बसला. चारला टाकी भरायला लागली, साडेचारला मी दांडी आडवी केली, खालून हिचा फोन : "बंद. पूर्ण बंद."

जुना व्हॉल्व्ह ओट्यावर उघडला (बोलणी खाल्ली). आतली पाचर दांड्यापासून सुटून क्षारांच्या थरात अर्ध्यावर अडकली होती. दांडा वर एकटाच फिरत होता. कॉर्पोरेशनच्या पाण्यात बोअरचं पाणी मिसळतं, त्याचे हे थर. नवीन व्हॉल्व्हवर ऑइल पेंटने फ्लॅटचा नंबर घातला. मग शेजारचे सात तसेच बघवेनात, पण ते आज नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

हॉलमध्ये बाबा बजेट बघत होते, मी बाथरूममध्ये. बारा लाखांपर्यंत कर नाही, असं अर्थमंत्री म्हणाल्या आणि त्याच सुमारास नळ निघाला. फार सहज निघाला. पाऊण वेढा, एक बारीकसा 'टक्', आणि नळ हातात. नळाबरोबर निप्पलचा अर्धा भाग. उरलेला अर्धा टाइलच्या मागे, दीड इंच आत, एल्बोमध्ये, म्हणजे पाइप वळतो त्या कोपऱ्याच्या जोडात.

वहीत त्या वेळी फक्त एवढंच लिहिलं : तुटला.

खरी पंचाईत वेगळीच. भोक उघडं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडता येत नाही, म्हणजे फ्लॅटला पाणी नाही. किचन नाही, संडास नाही. हिने सकाळीच दोन पिंपं आणि सगळी पातेली भरून ठेवली होती. मी हसलो होतो तेव्हा.

बाबा उठून आले, टॉर्चने बघितलं आणि म्हणाले, बूच मार. लाकडाचं? प्रेशरला टिकेल? त्यावर त्यांनी उभ्या उभ्या हिशेब सांगितला. टाकीचं पाणी आपल्या नळाच्या वर साधारण दहा मीटर. दहा मीटर पाणी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. भोक दीड सेंटिमीटरचं, म्हणजे क्षेत्रफळ पावणेदोन चौरस सेंटिमीटर. बुचावर रेटा पावणेदोन किलो. "दोन किलोची साखरेची पिशवी. तेवढी लाकूड पेलतं."

जुन्या केरसुणीचा दांडा निमुळता तासला, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, हातोडीने ठोकला. व्हॉल्व्ह उघडला. कडेने थोडं झिरपतं, पण घराला पाणी आलं. रात्री दोनदा उठून बघितलं.

२ फेब्रुवारी, रविवार

जुन्या बाजारातून ईझी आउट आणला. उलट्या आट्यांची निमुळती खुंटी : तुटक्या पाइपात ठोकायची आणि उलटी फिरवायची, ती जितकी रुतते तितकी पकड वाढते. जाड बोल्टाला उत्तम. इथे मात्र तिने गंजून पातळ झालेला निप्पल आतून फुगवला आणि एल्बोत आणखी घट्ट बसवला. कालच्यापेक्षा आजची परिस्थिती वाईट. पैसे देऊन वाईट केली.

बाबांनी काल निघालेला तुकडा डोळ्यांजवळ नेऊन बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला. मग मला दाखवलं. तुटलेल्या कडेचा अर्धा भाग लख्ख, ताजा. उरलेला अर्धा काळा, जुन्या गंजाचा. "हे काल नाही तुटलं. काल फक्त उरलेलं तुटलं."

म्हणजे एल्बोच्या तोंडाशी, जिथे आटे सुरू होतात तिथे, निप्पल कधीचाच अर्धा चिरलेला. जीआयवर जस्ताचा मुलामा असतो, पण आटे पाडताना तो कापला जातो आणि खाली उघडं लोखंड राहतं. गंज तिथूनच लागतो. त्या चिरेतून पाणी टाइलमागच्या मालात झिरपत होतं. स्क्रू ड्रायव्हरने भोकाच्या कडेचं थोडं प्लास्टर खरवडलं, तर ओल्या रव्यासारखं हाताला आलं.

काकूंचा प्रश्न सुटला. छतात येणारं पाणी नळाचं नव्हतंच. थेंबाथेंबाने दिसत होतं ते बादलीत पडत होतं, न दिसणारं त्यांच्याकडे. आणि नळाला फक्त नवा वायसर घातला असता तर हे कधी कळलंच नसतं. जिना उतरून त्यांना सांगून आलो. "मी तेच म्हणत होते," म्हणाल्या. म्हणत होत्याच.

३ ते ७ फेब्रुवारी

सोमवार ते शुक्रवार, गुरुवार सोडून रोज ऑफिसातून आल्यावर अर्धा तास. तीन जिने वर, व्हॉल्व्ह बंद, खाली, बूच काढ, काम, बूच ठोक, वर, व्हॉल्व्ह चालू. लिफ्ट नाही. २६ तारखेला व्हॉल्व्ह बदलला नसता तर यातलं काहीच शक्य नव्हतं, हे प्रत्येक पायरीला आठवत होतं.

बाबांची पद्धत : फिरवून निघत नाही ते कापून आतल्या आत दुमडायचं. निप्पलच्या आतून दोन लांब खाचा पाडायच्या, एकमेकींच्या अगदी जवळ. मग छिन्नीने मधली पट्टी आत वळवायची. पट्टी निघाली की उरलेला गोल सैल पडतो.

सांगायला सोपं. फ्रेम आत जात नाही, म्हणून नुसतं ब्लेड, एका टोकाला फडकं गुंडाळून मूठ. बारीक दातांचं, इंचाला चोवीसवालं. पातळ पत्र्याला मोठे दात अडकतात. दात आपल्याकडे तोंड करून, म्हणजे ओढताना कापतं. ढकलताना कापायला गेलो तर दुसऱ्याच दिवशी ब्लेड वाकून मोडलं. भोक मांडीच्या उंचीवर, म्हणून पाटावर बसून, डोक्याला टॉर्च बांधून. अर्ध्या तासात किती कापलं जातं म्हणाल, तर नखाच्या जाडीएवढंही नाही.

भीती एकच. खाच निप्पल ओलांडून एल्बोच्या आट्यांत गेली, तर तिथून जन्मभर गळणार आणि मग खरंच भिंत फोडावी लागणार. थांबायचं कधी? बाबा म्हणाले, खाचेत ठिपके दिसतील. बुधवारी ते दिसले. खाचेच्या तळाशी एकसारखी रेघ नसून थोड्या थोड्या अंतराने गंजाचे आडवे ठिपके. इंचाला चौदा आटे, म्हणजे दोन आट्यांमध्ये दोन मिलिमीटरहून थोडं कमी. अंतर बरोबर तेवढंच. निप्पलच्या आट्यांच्या खोबणीत धातू सर्वात पातळ, तिथे ब्लेड आधी पार होतं आणि मागे एल्बोच्या आट्यांची टोकं दिसायला लागतात. ठिपके आले की ब्लेड ठेवायचं.

दुसरी खाच शुक्रवारी झाली. गुरुवारी काम नाही : कॉर्पोरेशनचं पाणी बंद. शुक्रवारी नेहमीप्रमाणे उशिरा आणि कमी दाबाने.

८ फेब्रुवारी, शनिवार

जुन्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक घासून अरुंद छिन्नी केली. दोन खाचांच्या मधल्या पट्टीवर, एल्बोच्या भिंतीला जवळजवळ समांतर धरून, हलके टोले. पंधरा मिनिटं काही नाही. मग पट्टी किंचित उचलली गेली. नोज प्लायरने धरून आत वळवली, मागेपुढे केली आणि ती निघाली. आगपेटीच्या काडीएवढी. त्यानंतर उरलेला निप्पल प्लायरने पिरगळल्याबरोबर दोन तुकड्यांत हातात आला.

बाबांना नेऊन दिले. त्यांनी तिन्ही तुकडे वर्तमानपत्रावर मांडून पुन्हा गोल जुळवला. का, ते विचारलं नाही.

एल्बोच्या आट्यांत जुना सफेदा आणि गंज दगडासारखा. ते साफ करायला टॅप (आतले आटे पाडायचं हत्यार) विकत आणायचा म्हणजे एका कामासाठी चांगलाच भुर्दंड. बाबांनी तीन निप्पलमधला एक घेतला, व्हाइसमध्ये धरून त्याच्या आट्यांवर आडव्या चार खाचा पाडल्या. झाला टॅप. तेल लावून हाताने आत घालायचा, अर्धा वेढा पुढे, पाव मागे. खाचांत काळी भुकटी भरून येते, पुसायचं, पुन्हा. सहाव्या खेपेला आटे चमकले.

आता नवा निप्पल. इथे माझी घाई. टेफलॉनचे बारा वेढे दिले, आट्यांच्या दिशेने, आवळला, छान बसला. त्यावर नळ चढवला तर नळाचं तोंड घड्याळात चार वाजल्यासारखं. सरळ करायला पाव वेढा मागे घेतला. व्हॉल्व्ह उघडला. गळतंय. टेफलॉन पुढे आवळलेलं चालतं, मागे घेतलेलं चालत नाही. हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं, असं मी म्हटल्यावर खुर्चीतून आवाज आला, "विचारायला हवं होतंस."

सगळं काढलं. शेवटचा निप्पल. या खेपेला बाबांच्या हाताने धागा आणि सफेदा. आट्यांवर आधी ब्लेड फिरवून त्यांना खरखरीत केलं, नाहीतर धागा घसरून बाहेर गोळा होतो. पातळ सफेदा, मग धागा आट्यांच्या खोबणीत बसवत टोकापासून मागे, वर पुन्हा सफेदा. धागा पाण्याने फुगतो, म्हणून किंचित मागे घेतलं तरी धरून राहतो. त्यांचा हात थरथरतो, पण धागा घेतल्यावर नाही.

पितळी निप्पल घालावा का, असा प्रश्न मी काढला होता, तो गंजणार नाही म्हणून. बाबा म्हणाले, पितळ आणि लोखंड पाण्यात एकत्र आलं की लोखंड खातं. निप्पल वाचेल आणि भिंतीतला एल्बो जाईल. निप्पल बदलता येतो. म्हटलं, नळ तर पितळीच आहे. "म्हणून तर निप्पल गेला, एल्बो नाही." छत्तीस वर्षं टिकला होता. आता पुढचा कधी जाईल हा हिशेब कुणी केला नाही.

नळ सरळ, सहा वाजल्यासारखा.

९ फेब्रुवारी, रविवार

रात्रभर नळाच्या मुळाशी कोरडं वर्तमानपत्र गुंडाळून ठेवलं होतं. सकाळी कोरडं. बादली कोरडी. भोकाच्या कडेला पांढरं सिमेंट भरलं आणि वर फ्लँज (भोक झाकणारी गोल चकती) सरकवली. एकही टाइल फुटलेली नाही. हिने नळ उघडून, बंद करून, पुन्हा उघडून पाहिला आणि म्हणाली, "हँडल उलटीकडे वळतं." वळतं खरं.

केरसुणीच्या दांड्याचं बूच टाकून दिलेलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

काकूंचं छत. डाग पेन्सिलच्या रेघेच्या आत बोटभर सरकला आहे. बोट लावलं तर अजून गार लागतं. काकूंना रंगारी बोलवायचा होता. म्हटलं, अजून महिना थांबा, आतला माल सुकल्याशिवाय रंग धरणार नाही, फुगून येईल. दुसरी रेघ ओढली, तारीख घातली.

सेक्रेटरी जिन्यात भेटले. बाकीच्या सात व्हॉल्व्हचं काय करता येईल, असं त्यांनी 'सहज' विचारलं. मी टाकी पुन्हा कधी धुणार, ते सहज विचारलं.

१६ मार्च, रविवार

काकूंकडे : दुसऱ्या रेघेपासूनही चार बोटं आत. कोरडं. पिवळी कड तेवढी राहिली आहे. रंगारी पाडव्यानंतर.

गच्चीवर : व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला, पूर्ण उघडला. फिरतो. पुढची खेप १५ एप्रिलच्या आसपास.